निळा ड्रम आणि खुंटीवरची बॅग

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. माझ्या पोटात दोनशे लिटर पाणी मावते, आणि मत्सर त्याहून थोडा जास्त. पाणी आठवड्यातून एकदा भरत. मत्सर रोज ताजा असे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. निळे दाणे वितळवले, साच्यात सोडले आणि आतून हवा फुंकली. मी फुगलो, गार झालो आणि ड्रम झालो. बालपण असे काही वाट्याला आले नाही. पहिली नोकरी लोणच्याच्या कारखान्यात लागली. तिथे मी पोटभर शिरका, म्हणजे व्हिनेगर, धरून उभा असे. शिरका संपला तशी नोकरी संपली, आणि मी यवतमाळजवळच्या लोहारा गावाच्या रस्त्यावरच्या एका भंगाराच्या दुकानात येऊन पडलो.

तिथे मला भीमराज भेटला. तो जवळच्याच एका कारखान्यात पोती चढवण्या-उतरवण्याचे काम करी. त्याने बाजारात टरबूज पाहतात तसे मला बोटाने वाजवून पाहिले, कान लावला आणि दुकानदाराला म्हणाला, "हा चांगला पिकला हाय. हाच दे." मग मला सायकलच्या कॅरिअरवर आडवा बांधून त्याने घरी नेले. वाटेत सायकल दिसत नव्हती. लोकांना एक ड्रम दोन पायांनी पायडल मारत चाललेला दिसत होता. यवतमाळात कोणी त्याकडे वळून पाहिले नाही. ज्याच्या घरी ड्रम येत होता, त्याचा लोकांना फक्त हेवा वाटला, की आपल्याला हा ड्रम काहून नाही सापडला.

भीमराजची बायको तुळसाबाई हिने मला सोड्याने घासले, चिंचेने घासले, राखेने घासले आणि उन्हात तापवले. तरी शिरक्याने मला लवकर सोडले नाही. पहिल्या वर्षी त्या घरातला चहा थोडा आंबट लागे. पाहुणे कप खाली ठेवून हळूच विचारत, "दूध नासलं का वो?" तुळसाबाई म्हणे, "नाई जी, ड्रम नवा हाय." पाहुणे मान डोलावत. आमच्या वस्तीत तेवढे उत्तर पुरे होते.

मित्रांनो, आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. उन्हाळ्यात आठवड्याने येते, कधी त्याहून उशिरा. त्यामुळे ज्या घरात ड्रम, त्या घराची मान ताठ. एका साली धरणात गाळ उरला होता आणि नळ नुसते खाकरत होते. तेव्हा भीमराज माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाला होता, "हा हाय म्हणून आपण हाओ." एप्रिलमध्ये जयंतीला अख्ख्या गल्लीचे सरबत माझ्याच पोटात ढवळत. लग्नांना लोक मला मागून नेत. परत यावा म्हणून भीमराजने लाल रंगाने माझ्या पोटावर स्वतःचे नाव लिहिले. एकदा मांडवातल्या नव्या सोयऱ्याने ते वाचले आणि दिवसभर मला 'भीमराजभाऊ' म्हणून हाक मारली. मी खोटे कशाला बोलू, मला ते आवडले.

तसा मी आधीपासून थोडा जळका होतो. स्वयंपाकघरातल्या माठाला उन्हाळ्यात ओले फडके गुंडाळत आणि मला मात्र दोन विटांवर उन्हात उभे करत. माठ गार पाणी देतो म्हणे. अरे, पण त्याच्यात पाणी कोणाचे? पण माठावरचा राग भाकरीवरच्या पापुद्र्याइतका पातळ होता. खरा राग नंतर आला. तो लाल रंगाचा होता आणि त्याला चेन होती.

भीमराजचा मुलगा संघदीप आता त्याच कारखान्यात नोकरीला लागला आहे. तिथे एक दिवस कोणी साहेब आले आणि त्यांनी कामगारांना संकटाची तयारी कशी करावी ते शिकवले. संध्याकाळी संघदीप घरी आला तो खांद्यावर नवी कोरी लाल बॅग घेऊन.

"हे काय आणलं बे?" तुळसाबाईने विचारले.

"आई, इमर्जन्सी बॅग हाय. संकट काही सांगून येत नाई."

"आमच्या घरी तं सांगूनच येते. तुही आत्या फोन करूनच येते."

संघदीप हसला नाही. त्याने चटईवर एकेक वस्तू मांडली. टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेटी, पट्ट्या, मीठ-साखरेची पाकिटे, बिस्किटे, शेंगदाण्याची चिक्की, दोरी, शिट्टी, प्लास्टिकमध्ये आधार कार्डाच्या झेरॉक्स. आणि शेवटी एक लिटर पाण्याची सीलबंद बाटली.

मित्रांनो, एक लिटर. मी दारातून पाहत होतो. माझ्या पोटात तेव्हा दोनशे लिटर होते, आणि घरातले सगळे जण त्या एका लिटरभोवती उकिडवे बसले होते. संघदीपची धाकटी बहीण उर्वशी ती बाटली हातात घेऊन तिच्यावरची तारीख वाचत होती. माझी तारीख आजवर कोणी वाचली नाही.

बॅग समोरच्या खोलीतल्या खुंटीवर गेली. माझ्या डोक्यावर ओला टॉवेल वाळत घालत आणि तिच्यावर धूळ बसू नये म्हणून तुळसाबाईचे जुने नऊवारी लुगडे पांघरत. शेजारपाजारचे तिला बघायला येत. "चेन किती चांगली हाय," म्हणत आणि जाताना माझ्यातलेच पाणी पिऊन जात. पाण्याबद्दल कोणी काही बोलत नसे.

बॅगेचे एक लक्षण मात्र मला लवकरच कळले. ती काही करत नसे. लाइट गेली की उर्वशी म्हणे, "दादा, बॅगेतला टॉर्च काढ ना."

"ते इमर्जन्सीचं हाय."

"अंधार हाय न मंग."

"अंधार रोजचाच हाय. रोजचं ते इमर्जन्सी नसते."

मग सगळे जण मोबाइलच्या उजेडात मेणबत्ती शोधत. मेणबत्त्या बॅगेतच होत्या. तुळसाबाईचे बोट विळीवर कापले तेव्हाही संघदीपने पट्टी दिली नाही. "सेट मोडते आई," म्हणाला आणि दुकानातून पट्टी घेऊन आला. उर्वशी चिक्कीकडे फार बघते असे त्याच्या लक्षात आल्यावर त्याने बॅगेच्या चेनला छोटे कुलूपही लावले. दाबले की टक्कन लागणारे. दोन्ही किल्ल्या त्याने बॅगेतच ठेवल्या. वेळेवर शोधाशोध नको म्हणून.

मी हे सगळे पाहिले आणि गप्प राहिलो. ड्रमला बोलता येत नाही हा तर भाग होताच. पण बोलता आले असते तरी बोललो नसतो.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली ती सांगतो. बॅग आणल्यावर संघदीपला तयारीची गोडी लागली. तो जेवताना म्हणाला, "आई, दिवाळीच्या बोनसवर छतावर टाकी बसवतो. मंग हा ड्रम कायले पाह्यजे? देवराव मामाच्या वावरात देऊन टाकू. त्यायले फवारणीचं औषध कालवायले लागते."

तुळसाबाई भाकरी थापत म्हणाली, "जुना हाय बिचारा. पण घेऊन जा म्हणा."

मित्रांनो, ड्रमच्या आयुष्यात फवारणीला जाणे म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत नसेल. एकदा पोटात ते औषध कालवले, की पुढे तुम्ही शंभर वेळा चिंचेने घासा, तुमच्यात कोणी पेला बुडवत नाही. लोक तुमच्याजवळ तोंडाला फडके बांधून येतात. लेकरांना सांगतात, तिकडे जाऊ नको. मी ज्या घराला चहा पाजला, ज्या गल्लीला सरबत पाजले, त्यांच्याच लेकरांनी मला पाहून बाजूने पळायचे. आणि खुंटीवर ती बाई काही न करता लोंबकळत राहणार. त्या दिवसापासून मी मनात एकच मागणे मागू लागलो. या घरावर एक संकट येऊ दे. मोठे नको, दोनशे लिटरचे येऊ दे. मग पाहू कोणाचे एक लिटर आणि कोणाचे किती.

मागणे पुरे झाले. पण दिवस चुकला.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. नळाच्या दिवशी सकाळीच जुने पाणी फेकून द्यायचे. आठ दिवसांचे पाणी म्हणजे शिळे, आणि ताज्या पाण्यात शिळे मिसळले तर बाई फुहड, म्हणजे गबाळी, ठरते. त्यामुळे नळाच्या दिवशी आमची गल्ली पावसाळ्यासारखी वाहते. सगळे ड्रम, पाण्याच्या गुंड्या, बकेटी रित्या होतात, घासल्या जातात आणि पालथ्या पडतात. मग सगळ्या बाया दारात उभ्या राहून नळाची वाट पाहतात.

एकटी बिजलीबाई तसे करत नसे. ती आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. नळाची धार पडल्याशिवाय ती जुन्या पाण्याचा थेंब सांडत नाही. गल्ली तिला नाव ठेवी. "शिळं पाणी पिते वो ते," तुळसाबाईच आमच्या ओट्यावर बसून सांगे. आणि मला सांगायला लाज वाटते, पण त्यात मलाही मोठेपणा वाटे. मी दर आठवड्याला घासलेला ड्रम होतो.

त्या दिवशी तुळसाबाईने मला आडवा केला, सगळे पाणी गटारात सोडले, घासले आणि अंगणात तुरीच्या कोठ्या ठेवायची टिनाची खोली होती, तिला टेकवून पालथा घातला. ते वर्षाचे धान्य भरायचे दिवस होते. खोलीत गहू, तूर, मिरची, हळद असे सगळे भरून झाले होते. माझ्या शेजारीच, खोलीला लागून, जळणाच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग होता. अंगणात तुळसाबाईने तीन दगडांची चूल मांडली आणि कुरडयांचा चीक शिजवायला घेतला. भीमराज पाळीवर गेला होता. संघदीपची सुट्टी होती.

नळ आला नाही. कोणीतरी फोनवरून सांगितले, की रस्ता खोदताना मोठी पाइप फुटली, आज पाणी नाही. गल्लीत सगळ्या बाया रिकाम्या भांड्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. तेवढ्यात वारा सुटला. चुलीतली एक ठिणगी उडाली आणि पऱ्हाट्यांत जाऊन बसली.

पऱ्हाट्या उन्हात वाळलेल्या असतात. त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

"माय वो, ढीग पेटला," तुळसाबाई चिकाचा कलथा हातात घेऊन उठली. "उर्वशे, पाणी आण."

उर्वशी माझ्याकडे धावली. मी पालथा होतो.

मित्रांनो, मी त्या क्षणाची किती वाट पाहिली होती. संकट माझ्या अंगाला चिकटून उभे होते. मला आच लागत होती. आणि माझ्या पोटात हवा होती. उर्वशीने मला सरळ करून आत पाहिले, पुन्हा पालथा घातला आणि म्हणाली, "सकाळीच फेकलं न आपण."

संघदीप घरातून धावत आला. त्याच्या खांद्यावर बॅग होती. मला वाटले, झाले, आता ही भाव खाऊन जाणार. पण तो आगीकडे न येता फाटकाबाहेर गेला आणि रस्त्यावर नीट उभा राहिला.

"अरे, कुठं चालला तू?"

"आई, नियम हाय. आधी बॅग घेऊन बाहेर निंगा लागते. तुमी बी या."

"आन् तूर कोण काढन, तुहा नियम?"

संघदीपने क्षणभर विचार केला. मग त्याला शिट्टी आठवली. शिट्टी वाजवली की लोक मदतीला येतात असे साहेबांनी सांगितले होते. त्याने चेन ओढली. कुलूप होते. किल्ली आत होती. तो बॅगेला वरून खालून दाबून शिट्टी कुठे आहे ते चाचपू लागला. बहुतेक त्याला वाटले, ती बाहेरून वाजेल.

"दादा, तोंडानं बोंबल ना," उर्वशी ओरडली.

मग त्याने तोंडाने बोंब मारली. ती मात्र चांगली मोठी होती. गल्ली धावत आली. सगळ्यांच्या हातात बकेटी होत्या, आणि सगळ्या रिकाम्या होत्या. त्या घासून चकाकत होत्या.

भिंतीपलीकडून बिजलीबाई आली. डोक्यावर गुंडी, काखेत कळशी. तिने पाणी ढिगावर रिते केले आणि म्हणाली, "माह्या घरात अजून हाय. रांग लावा. शिळं हाय, पण इस्तो इझते."

रांग लागली. संघदीप बॅग रस्त्यावर टाकून रांगेत शिरला. बिजलीबाईचे शिळे पाणी हातोहात येऊ लागले. पण वाऱ्याने काही पेटत्या पऱ्हाट्या टिनाच्या छपरावर नेऊन टाकल्या होत्या, आणि टिनाखालची लाकडी पट्टी धुमसू लागली होती. तिथवर पाणी पोचत नव्हते. उर्वशीने इकडे तिकडे पाहिले आणि ती माझ्यावर चढली.

हो, माझ्या बुडावर. मी पालथाच होतो. तिने उंच होऊन काठीने पऱ्हाट्या खाली ओढल्या, संघदीपने वर कळशी दिली, तिने पट्टीवर पाणी ओतले, पुन्हा ओतले. माझी एक बाजू ढिगाकडे होती. ती मऊ पडत होती. मला वाटले आता बसतो मी, गुडघे मोडल्यासारखा. पण पोरगी वर होती. मी ताठ राहिलो. कसा राहिलो ते मला विचारू नका, प्लास्टिकला कारणे नसतात.

आग विझली. तूर वाचली. चीक करपला, आणि त्या सालच्या कुरडया अर्ध्याच झाल्या. तुळसाबाई बिजलीबाईपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "चहा ठेवतो वो बाई." मग तिला आठवले, की घरात पाणी नाही. बिजलीबाई म्हणाली, "ये मंग माह्या घरी. शिळ्याचाच पी."

ती गेली आणि प्यायली.

उर्वशीने रस्त्यावरची बॅग आणून विळीवर धरली आणि पोटातून फाडली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्यातल्या पट्ट्या बाहेर आल्या, कारण उर्वशीचा हात भाजला होता. संघदीप तिच्या हाताला मलम लावत होता. सेट मोडल्याचे तो काही बोलला नाही. सीलबंद बाटली उघडून त्याने बहिणीला प्यायला दिली. मी पाहत होतो. मला अजूनही वाईट वाटले, की ते पाणी माझ्यातले नव्हते.

मग सगळ्यांनी मला सरळ केले. माझ्या कमरेला मुठीएवढे भोक पडले होते.

दिवाळीपर्यंत थांबायचे सोडून देवराव मामा दोन दिवसांनीच मला न्यायला आले. त्यांनी भोकात हात घालून पाहिला, बोटे हलवली आणि म्हणाले, "हे तं गळते, बाई. हे काय कामाचं?" मित्रांनो, नापास झाल्याचा इतका आनंद आजवर कोणाला झाला नसेल.

"राहू द्या इथंच," तुळसाबाई म्हणाली. "याच्यावर पोरगी उभी होती."

भीमराजने मला उचलून समोरच्या खोलीत आणले. बरोबर खुंटीखाली. पाणी तर माझ्यात भरता येत नव्हते. म्हणून संघदीपने फाटक्या बॅगेतला सगळा संसार माझ्या पोटात ठेवला. टॉर्च, मेणबत्त्या, पट्ट्या, दोरी, शिट्टी. चिक्कीही ठेवली होती, ती उर्वशीने तिथल्या तिथे खाल्ली. वर झाकण म्हणून जुनी परात आहे. कुलूप नाही. लाइट गेली की आता कोणाचाही हात सरळ आत येतो आणि टॉर्च घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी संघदीप बघतो, की तो परत आला का आणि सेल चालतात का. फाटकी लाल बॅग घडी करून माझ्या तळाशी ठेवली आहे. जिच्यावर मी एवढा जळलो, ती आता माझ्या पोटात झोपते. भाऊबंदकी अशी संपेल असे कधी वाटले नव्हते.

पण संपली असे कोण म्हणते? अंगणात त्यांनी नवा ड्रम आणला आहे. निळाच आहे, माझ्याहून चकचकीत. नळाच्या दिवशी मी आतून ऐकतो. आधी नळ खाकरतो. मग पहिली धार त्याच्यात पडते आणि पोकळ पोटात पाण्याचा जो आवाज होतो, तो माझ्या ओळखीचा आहे. त्या आवाजाच्या आधी तुळसाबाई आता पाण्याला हात लावत नाही. धार पडली, की मग ती जुने पाणी काढून लिंबाच्या झाडाला घालते. गल्लीतल्या बाकीच्या बायाही तसेच करतात. ही गोष्ट नव्या ड्रमला कोणी शिकवली नाही, ती माझ्या भोकातून शिकली गेली. त्याला हे माहीतही नाही. त्याला काय, तो भरलेला आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो, म्हणजे हात नाहीत, पण भोक आहे. नवे येईपर्यंत जुने सांडू नका. संकटासाठी ठेवलेल्या वस्तूला रोजच्या अंधाराची ओळख होऊ द्या, नाहीतर ती वेळेवर लाजते. कुलूप लावणार असाल तर किल्ली बाहेर ठेवा. आणि कधी आमच्या घरी आलात, तर टॉर्च मागण्याच्या निमित्ताने एखादा पेला पाणीही माझ्यात ओता. भोकाच्या खालीच राहील ते, वाया जाणार नाही. वस्तू भिजतील म्हणून संघदीप रागावेल, पण त्याचे मी पाहून घेईन. मला फक्त एकदा आठवून बघायचे आहे.